‘मजकूर कोण वाचतो?’ म्हणणाऱ्यांना उत्तर

होमस्टेवाल्यांच्या आणि आंबा बागायतदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक सल्ला सारखा फिरतो: ‘वेबसाइटवर मजकूर कोणी वाचत नाही. मोठे फोटो टाका, वर फिरता स्लायडर ठेवा, दर लिहू नका म्हणजे फोन येतात आणि गूगलसाठी तळाला गावांची नावं भरा.’ दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत अनेक साइट याच सल्ल्यावर बेतलेल्या दिसतात. नुकसान होतं ते लहान व्यावसायिकाचं, म्हणून हे उत्तर.

‘कोणी वाचत नाही’ हे अर्धसत्य आहे. लोक वेबसाइट कशा वापरतात याचा अभ्यास करणारे जेकब नील्सन यांच्या १९९७ च्या चाचणीत ७९ टक्के लोक पान नुसतं चाळत होते, हे खरं. पण तोच मजकूर थोडक्यात, मुद्दे पाडून आणि जाहिरातबाजी वगळून लिहिला, तेव्हा साइटची उपयुक्तता १२४ टक्क्यांनी वाढली, हेही त्याच अभ्यासात आहे. माणूस चाळतो, कारण तो काहीतरी शोधत असतो. ‘निसर्गाच्या कुशीत अविस्मरणीय अनुभव’ या ओळीत त्याला काय सापडणार? ती काशीदलाही चालते आणि तारकर्लीलाही. त्याऐवजी लिहा: ‘किनारा चालत पाच मिनिटं. कुडाळ स्टेशनवर रिक्षा पाठवतो. मासळी बाजारात मिळेल ती, सोलकढी रोज. शाकाहारी जेवण हवं तर आदल्या रात्री सांगा. पावसाळ्यात स्कूबा आणि किल्ल्याची होडी बंद.’ शेवटचं वाक्य गाळायचा मोह होतो, पण गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो तो त्याच वाक्यामुळे.

आंब्याचंही तसंच. ‘अस्सल हापूस’ सगळेच लिहितात. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे त्याचे जिल्हे. तुमची त्यात नोंदणी असेल तर क्रमांक द्या. बाग कोणत्या गावात, पेटीत किती डझन, फळ साधारण किती ग्रॅमचं, हे सांगा. ‘कार्बाइड वापरत नाही’ एवढ्यावर थांबू नका, कारण कार्बाइडला कायद्यानेच बंदी आहे. आढी कशी घालता, पेटी घरी पोचल्यावर फळ किती दिवसांत तयार होईल, ते लिहा.

स्लायडरचा दुसरा फोटो येईपर्यंत माणूस खाली सरकलेला असतो. एकच फोटो ठेवा, ज्या खोलीत तो राहणार तिचा. बाथरूमचाही खाली द्या. मोबाइलवर काढलेला चार-पाच एमबीचा फोटो तसाच चढवू नका. दोन-तीनशे केबीत तो फोनवर तितकाच छान दिसतो आणि घाटातल्या नेटवर्कवरही उघडतो. समुद्राच्या फोटोवर पांढरी अक्षरं उन्हात वाचता येत नाहीत. अक्षर आणि पार्श्वभूमीत किमान ४.५ : १ इतका कॉन्ट्रास्ट (उजळ-गडदपणातला फरक) हवा, असं वेब सुलभतेचे निकष सांगतात.

गावांच्या नावांची भरताड तर थांबवाच. कीवर्ड मेटा टॅग (पानाच्या कोडमध्ये लपवलेली शब्दांची यादी) आपण क्रमवारीसाठी वापरत नाही, हे गूगलने २००९ मध्येच जाहीर केलं आणि तेच ते शब्द कोंबणं त्यांच्या नियमात स्पॅम ठरतं.

राहिला दर. मुंबई-पुण्याचं कुटुंब रात्री चार साइट उघडून बसतं, तेव्हा दर नसलेली साइट आधी बंद होते. फोन करण्याची वेळच येत नाही. मे, दिवाळी आणि पावसाळा यांचे दर वेगळे लिहा. दरात जेवण धरलंय की नाही, तेही. बटणावर ‘सबमिट’ऐवजी ‘तारखा विचारा’ लिहा. नंबर दाबताच फोन लागला पाहिजे आणि कोणत्या वेळेत फोन उचलता, ते त्याच्याच खाली असावं.