घर तुमचं असेल, पण आत मी राहते!

रविवारी सकाळी नऊ वाजता अंघोळ करून ओल्या केसांनी बाहेर आले, तर हॉलमध्ये घरमालक उभे! सोबत एजंट आणि फ्लॅट विकत घ्यायला आलेलं एक अनोळखी जोडपं. बेल नाही, फोन नाही, मेसेज नाही. जवळच्या किल्लीने लॅच उघडून सरळ आत. मी टॉवेल गुंडाळून बाहेर आले असते तर? नुसत्या विचाराने अंगावर काटा येतो.

त्या बाईंनी माझं कपाट उघडलं. माझे कपडे, माझी औषधं, सगळं उघड्यावर. एजंट बेडरूमचे फोटो काढत होता, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसकट. मी म्हटलं, "काका, निदान फोन तरी करायचा." तर म्हणे, "अगं, स्वतःच्या घरात यायला फोन कशाला?"

२२ हजार भाडं मी कशाचं भरते मग? पाच तारीख एकदाही चुकवलेली नाही. पोलीस व्हेरिफिकेशन, आधार, कंपनीचं पत्र, मागाल ते दिलं.

आणि हे पहिल्यांदा नाही. दिवाळीत मी गावी असताना काका "गळती बघायला" येऊन गेले. मला कसं कळलं? नंतर त्यांनीच विचारलं, "दोन गाद्या का घातल्या होत्या? कोण राहायला आलं होतं?" माझी बहीण आली होती. पण ते मी का सांगायचं? गळती गादीत शोधत होतात का?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम २८ वाचा. मालकाला घर बघायचा हक्क आहे, कोण नाही म्हणतंय? पण आधी सूचना देऊन आणि वाजवी वेळेला. लीव्ह अँड लायसन्सवर दिलेल्या घरालाही तेच लागू आहे. एक मेसेज टाकायला किती वेळ लागतो हो?

मी व्हॉट्सॲपवर साधं लिहिलं: एक दिवस आधी कळवा, मी घरात असताना या. दोन निळ्या टिका आल्या. उत्तर एजंटकडून आलं, "पटत नसेल तर मॅडम दुसरीकडे बघा." एक लाख डिपॉझिट त्यांच्याकडे अडकलंय, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

आता अंघोळीला जाण्याआधी मी दाराला आतून कडी लावते. तरी मध्येच नळ बंद करून कानोसा घेते.