‘सागाचा दस्ता, वर दुर्बीण’: त्या मेसेजमधली चूक कुठे आहे

नाशिकमध्ये नेमबाजी शिकणाऱ्या मुलांच्या पालकांत सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: जुन्या शिकारी रायफलीसारखी देखणी स्पोर्टिंग रायफल घरीच घडवा. हवेच्या दाबानं छर्रे मारणारी साधी एअर रायफल घ्या, सुताराकडून सागाचा दस्ता, म्हणजे रायफल धरायचा लाकडी भाग, करून घ्या, वर वॉर्निश मारा. दस्त्यात धातूचा भाग बसतो ती खाच जरा मोकळी ठेवा म्हणजे रायफल सहज बसते. नेम धरायच्या लोखंडी साइट जुनाट झाल्या, दुर्बीण लावा. ठेवायच्याच असतील तर कानशीनं घासून नेम जुळवा. ताकद हवी तर मोठ्या बोअरची (आतल्या व्यासाची) नळी बसवा, एअर गनला परवाना लागतच नाही.

‘परवाना लागतच नाही.’ अर्धसत्य आहे, आणि नेमकं धोक्याचं. सूट आहे ती ४.५ मिमीपर्यंतच्या बोअरच्या आणि छर्ऱ्याची ऊर्जा २० ज्यूलपर्यंत असलेल्या एअर गनला. ५.५ मिमीची नळी बसवली की ही सूट संपली. बंदूक बनवणं किंवा तिच्यात फेरफार करणं यासाठी शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवण्याला किमान ७ वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. नळी, पिस्टन आणि स्प्रिंग यांना हात लावायचा नाही. घरी घडवण्याजोगं जे आहे ते लाकडात आणि साइटमध्ये, आणि तिथलं काम भरपूर आहे.

‘सागाचाच दस्ता करा.’ पेठ-सुरगाण्याकडचा साग दारं-खिडक्यांना उत्तम. दस्त्याला तो चालतो, पण पहिली पसंती नव्हे. त्यातल्या सिलिकामुळे पटाशी लवकर बोथट होते, पातळ कडा तंतूंच्या दिशेनं उडतात आणि लाकडातल्या तेलकट द्रव्यांमुळे वरचं तेल-पॉलिश नीट वाळत नाही. अक्रोड म्हणूनच जुन्या कारागिरांचा आवडता: कापायला एकसारखा आणि धक्का सोसणारा. शिसव मजबूत, पण जड. लहान मुलाच्या हाताला ते वजन पेलत नाही.

जातीपेक्षा तंतूंची दिशा महत्त्वाची. दस्त्याचा सगळ्यात नाजूक भाग म्हणजे ट्रिगरमागची मूठ. तिथं तंतू मुठीच्या उताराबरोबर लांबीनं गेले पाहिजेत. आडवे तुटले तर रायफल एकदा हातातून पडली तरी मूठ मोडते. म्हणून साधारण ८० सेंमी लांब, १५ सेंमी रुंद आणि ५ सेंमी जाड फळीवर आधी पुठ्ठ्याचा नमुना फिरवून बघायचा, मगच करवत लावायची. फळी वाळलेली हवी. टोकांना मेण लावून ठेवा, दर पंधरा दिवसांनी वजन करा. वजन उतरायचं थांबलं की लाकूड कामाला तयार. मेमधल्या कोरड्या हवेत घट्ट बसवलेली रायफल जुलैत लाकूड फुगल्यावर आवळली जाते, म्हणून खाचेच्या आतल्या बाजूलाही तेल लावायचं. बाहेरून चकाकणाऱ्या कित्येक दस्त्यांत आतलं लाकूड कोरंच राहिलेलं असतं.

‘खाच मोकळी ठेवा.’ नेमकं उलट. धातूचा भाग लाकडात हलला की छर्रे दोन-तीन ठिकाणी विखुरतात आणि दोष साइटवर जातो. योग्य पद्धत वेळखाऊ आहे, पण दुसरी नाही. काजळात थोडं तेल कालवून धातूच्या खालच्या बाजूला पातळ लावा, रायफल खाचेत बसवा, हलकेच ठोका, उचला. जिथे काळं उमटलं तेवढंच लाकूड खरवडा. काळा ठसा सगळीकडे सारखा उमटेपर्यंत हेच करत राहायचं. फक्त मागच्या टोकाला अर्धा मिलीमीटर जागा सोडा, नाहीतर धक्क्यानं लाकडात चीर जाते. स्क्रूच्या डोक्याखाली धातूचे वॉशर हवेतच. ते नसले की लाकूड दबतं आणि स्क्रू ढिले होतात. दर सरावाआधी ते तपासा.

‘कानशीनं घासा, नेम जुळतो.’ घासायचं किती, हे मेसेज सांगत नाही, आणि सगळा खेळ तिथेच आहे. नळीच्या टोकाजवळची फोरसाइट आणि डोळ्याकडची, खाच असलेली बॅकसाइट यांच्यातलं अंतर ४५० मिमी असेल, तर १० मीटरवर साइटमधला ०.१ मिमीचा फरक लक्ष्यावर २.२ मिमी होतो. एअर रायफलच्या कागदी लक्ष्यावर प्रत्येक रिंगची त्रिज्या आतल्या रिंगपेक्षा २.५ मिमीनं वाढते. म्हणजे कानशीचा एखादा हात जास्त पडला तर जवळजवळ एक गुण गेला.

हिशोब सोपा आहे: लक्ष्यावर जितका फरक, त्याला साइटमधल्या अंतरानं गुणा आणि लक्ष्याच्या अंतरानं भागा. छर्रे २० मिमी खाली पडत असतील तर २० × ४५० ÷ १०,००० = ०.९ मिमी. एवढी फोरसाइट कमी करायची, पण आधी निम्मीच घासून पुन्हा पाच छर्रे मारा. फोरसाइट घासली की छर्रे वर जातात. ते मुळातच वर पडत असतील तर कानस बाजूला ठेवा, तिथे उंच फोरसाइटच लागते. डाव्या-उजव्या फरकासाठी फोरसाइट घासायचीच नाही, पितळी पंचनं तिच्या खोबणीत सरकवायची. बॅकसाइट मात्र छर्रे जिकडे न्यायचे तिकडे सरकते, फोरसाइट उलट दिशेला.

रुंदीही डोळ्यावर अवलंबून. लक्ष्याचं काळं वर्तुळ ३०.५ मिमीचं. डोळ्यापासून ८० सेंमीवरची फोरसाइट सुमारे २.४ मिमी रुंद असेल तर ती त्या वर्तुळाएवढी दिसते. फोरसाइटला २ मिमीची पट्टी घेतली आणि बॅकसाइट डोळ्यापासून ३५ सेंमीवर असली, तर बॅकसाइटची खाच १.७५ मिमी ठेवल्यावर पट्टीच्या दोन्ही बाजूंना तिच्या निम्म्या रुंदीचा उजेड दिसतो. खाच १.५ मिमीपासून सुरू करून हळूहळू वाढवा.

गोल मण्याची फोरसाइट जुन्या शिकारी रायफलींवर शोभते. कागदी लक्ष्यासाठी मात्र सपाट माथ्याची, डोळ्याकडे उभ्या तोंडाची पट्टी घ्या. मण्यावर डावीकडून ऊन पडलं की डोळा उजळलेली बाजूच मध्य मानतो आणि छर्रा उजवीकडे जातो. चकाकी घालवायला आपल्याकडे घरोघरी असणारा कापूर पुरतो: साइट रायफलीवरून काढून कापराच्या ज्योतीवर धरायची, काजळीचा मॅट थर बसतो. मग बोट लावू नका.

‘लोखंडी साइट जुनाट.’ नाशिकमध्ये नेमबाजीचे धडे घेतलेल्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून नेमबाजी) कांस्य पटकावलं, तेही दुर्बिणीविना. या प्रकारात दुर्बीण चालतच नाही. १० मीटर एअर रायफललाही तोच नियम. मुलगा दुर्बिणीवर शिकला तर स्पर्धेत त्याला पहिल्यापासून शिकावं लागेल.

स्वस्त दुर्बिणीचा तोटा वेगळाच आहे. स्प्रिंगच्या एअर रायफलचा धक्का आधी मागे आणि लगेच पुढे बसतो. साध्या दुर्बिणी मागच्या धक्क्यासाठी बनवलेल्या असतात, पुढच्या झटक्यानं आतल्या काचा सैल होतात. शिवाय बहुतेकींचा फोकस लांबचा, १० मीटरवर लक्ष्य धूसर दिसतं.

‘वर वॉर्निश मारा.’ वॉर्निशचा जाड थर ओरखडला की पापुद्रे निघतात, आणि तेवढाच भाग दुरुस्त करता येत नाही. ‘बॉइल्ड’ म्हणून विकत मिळणारं जवसाचं तेल बोटानं पातळ चोळा, तासाभरानं कोरड्या फडक्यानं पुसा, पूर्ण वाळल्यावर पुढचा हात द्या. पहिला हात देण्याआधी लाकूड ओलसर करून तंतू उभे करा आणि ३२० च्या पॉलिश पेपरनं घासा. तेलाची फडकी चुरगाळून डब्यात टाकू नका; ती आपोआप पेट घेतात. उघड्यावर पसरून वाळवा, मगच फेका.