एक, तीन, चार, दोन

आमच्या जुन्या गाड्यांच्या ग्रुपवर मेसेज पडला, रविवारी सकाळी साडेआठ शार्प, सिंहगड रोडच्या गॅरेजात, ट्यूनिंग प्रत्येकाने आपापल्या हाताने करायचं, मिस्त्री फक्त बघणार. मी लगेच अंगठा टाकून मोकळा. माझ्याकडे बाबांची 1986 ची पद्मिनी आहे. मूळची फियाट 1100, 1974 पासून प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याला बनायची, 1089 सीसी, गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली, हे सगळं मी झोपेतून उठवलं तरी सांगेन. बॉनेट मात्र आजवर फोटोसाठीच उघडलंय.

साडेआठ शार्पला मी आणि गॅरेजचं कुत्रं, दोघंच हजर होतो. बाकीचे सव्वानऊपासून आले आणि आल्या आल्या दुसऱ्याच्या गाडीत डोकं घालून उभे राहिले, कारण आपल्या गाडीत काही दोष असतो हे इथे कोणालाच मान्य नसतं.

आधी पॉईंट, म्हणजे ठिणगी पाडायला उघडझाप करणारे दोन छोटे धातूचे तुकडे. डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे प्लगना पाळीपाळीने ठिणगी वाटणाऱ्या डबीची, कॅप काढायची, पॉईंट पॉलिश पेपरने हलकेच घासायचे आणि फीलर गेज (मोजलेल्या जाडीची पातळ पट्टी) घालून गॅप बघायची, अर्ध्या मिलिमीटरहून जरा कमी. ऐकायला सोपं आहे हो! पण गॅप मोजायची ती पॉईंट पूर्ण उघडले असताना, आणि ते उघडायला इंजिन जरासं फिरवावं लागतं, म्हणून गाडी टॉप गिअरला टाकून चार जणांनी ढकलायची. "इंचभर पुढे... अरे इंचभर म्हटलं, फूटभर नव्हे! मागे घ्या आता." असं पंधरा मिनिटं. एका काकांचं म्हणणं की गेज वगैरे फॅड आहे, आमच्या वेळी व्हिजिटिंग कार्ड घालून बघायचे, आणि त्यांनी खरंच स्वतःचं कार्ड काढलं. त्यात माझ्या हातून पॉईंटचा स्क्रू पडला. तो केवढा असतो? बाजरीच्या दाण्याहून थोडा मोठा. सात माणसं मोबाईलचे टॉर्च लावून जमिनीवर ओणवी, आणि स्क्रू सापडला माझ्या शर्टाच्या खिशात, कसा ते विचारू नका.

खरा घोळ पुढे झाला. प्लग साफ करायचे म्हणून मी कॅपपासून प्लगपर्यंत जाणाऱ्या चारही वायरी एकदम उपटल्या. प्लग ब्रशने चकाचक केले, वायरीसुद्धा फडक्याने पुसल्या (बायकोने हे पाहायला हवं होतं), आणि मग लक्षात आलं की आता कुठली वायर कुठे. मी सरळमार्गी माणूस, एक, दोन, तीन, चार अशा ओळीने लावल्या आणि सेल्फ मारला.

फाट्ट! कार्बोरेटरमधून असा आवाज निघाला की कुत्रं थेट रस्त्यापलीकडे. कुणाच्या तरी उपम्याची प्लेट पडली, कुणी म्हणालं टायमिंग गेलंय, कुणी म्हणालं कंडेन्सर, आणि कॅपखालचा रोटर कुठल्या बाजूने फिरतो यावर सरळ दोन तट पडले, वाद पार प्रभात रोडच्या वन-वेपर्यंत गेला. कॅप उघडून बघावं हे मात्र कोणालाच सुचलं नाही.

मिस्त्री इतका वेळ ऑईलच्या डब्यावर बसून चहा पीत होते. ते कप खाली ठेवून उठले, इंजिनकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "साहेब, एक, तीन, चार, दोन." फायरिंगचा क्रम. इंजिनमधले सिलिंडर ओळीत उभे असले तरी पेटतात या क्रमाने, म्हणजे माझी एक नंबरची वायर तेवढी बरोबर होती. त्यांनी तीन वायरी बदलल्या, अर्धं मिनिट लागलं असेल, आणि गाडी अशी सुरू झाली की जणू काही झालंच नाही. मग प्रत्येक वायरीला कागदी टेप लावून पेनाने नंबर घातले, बालवाडीतल्या पोराच्या डब्यावर घालतात तसे. मी पैसे विचारले तर म्हणाले, "आज कुठे काही केलं मी, आज तर तुम्हीच केलं सगळं."

घरी आल्यावर बायकोने माझ्या काळ्या हातांकडे बघून विचारलं, "जमलं का?" मी म्हटलं, "म्हणजे काय, फायरिंग ऑर्डर चुकलेली, नीट केली." कोणी चुकवली ते तिने विचारलं नाही.

पुढच्या वेळी ब्रेक ब्लीडिंग आहे, म्हणजे ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायची. त्यात एक जण गाडीखाली असतो आणि एक जण आत बसून खालचा ओरडेल तेव्हा नुसतं पेडल दाबतो. ते पेडलचं काम मी आत्ताच मागून ठेवलंय.