वाढलेला प्रत्येक रुपया खाल्लेला नसतो

आमच्या मंगळवार पेठेतल्या ग्रुपवर एक मेसेज आठवडाभर फिरतोय: ‘मोठ्या कामाचा खर्च वाढला की समजायचं, वरचे पैसे खाल्ले. परदेशात असं होत नाही. सगळ्यात कमी दराचं टेंडर घ्या, एक रुपया वाढणार नाही.’

कालव्यांच्या कामांवर मी तीस वर्षं एमबी, म्हणजे झालेल्या कामाच्या मोजमापाची वही, लिहिली. पैसे खाल्ले जातात, हे मला कुणी सांगायला नको. तरीही या मेसेजमुळे खरे दोषी सुटतात, म्हणून हे लिहितोय.

‘वरचे पैसे खाल्ले.’ विदर्भातलं गोसीखुर्द धरण घ्या. 1983 साली 372 कोटींचा अंदाज होता, पुढे तो 18 हजार कोटींच्या वर गेला. वर्षाला 8 टक्के दरवाढ धरली तर तीस वर्षांत दर दहापट होतात. म्हणजे झाले साधारण 3,700 कोटी. बाकीचं काय? त्यात खाबूगिरी आहेच. पण भूसंपादन आणि पुनर्वसन आहे, कामाची वाढलेली व्याप्ती आहे, आणि मुळात मंजुरी मिळावी म्हणून कमी दाखवलेला आकडाही आहे. खरा आकडा सांगितला तर फाईल पुढे सरकत नाही. एकदा नारळ फुटला की ‘सुप्रमा’, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता, घेत राहायचं. या पहिल्या कागदावर सही करणाऱ्याला नंतर कुणी विचारत नाही, आणि माझा राग त्यावरच आहे.

शिवाय उशीर स्वतःच पैसे खातो. काळम्मावाडी धरणातून कोल्हापूरला पाणी आणणारी आपली थेट पाईपलाईन आठवा. 2014 ला काम सुरू झालं, पाणी आलं 2023 च्या दिवाळीत. जॅकवेल, म्हणजे पाणी उपसायची विहीर, धरणाच्या पाण्यात. पाणी उतरेल तेवढेच महिने काम, पाऊस लागला की बंद. त्यात रस्त्याच्या, वनखात्याच्या परवानग्या. हे सगळं आधी माहीत असू शकत होतं.

‘परदेशात होत नाही.’ सिडनीचं ऑपेरा हाऊस 70 लाख डॉलरचं ठरलं होतं. 1973 ला उघडलं तेव्हा खर्च 10 कोटी 20 लाखांवर गेला होता, आणि काम दहा वर्षं लांबलं होतं.

‘कमी दराचं टेंडर घ्या.’ भुदरगडकडच्या एका कालव्यावर ठेकेदार बराच ‘बिलो’, म्हणजे इस्टिमेटपेक्षा कमी दरानं, आला होता. इस्टिमेटमध्ये माती आणि मुरूम लिहिलेला, कारण चाचणी खड्डे लांब लांब घेतलेले, तेही जिथं खणायला सोपं तिथं. तिसऱ्या दिवशी पोकलेनचा दात तुटला. खाली काळा कठीण खडक. बाजूला वस्ती, त्यामुळं सुरुंग लावता येईना. ब्रेकर आणून फूटभर फूटभर फोडावा लागला. खडकाचा दर मातीच्या कित्येक पट. तो ‘एक्स्ट्रा आयटम’ मीच एमबीत लिहिला, आणि मोजमापात एका इंचाचीही चोरी नव्हती. ठेकेदाराला मात्र आधीच ठाऊक होतं की पुढं हे निघणार. बिलो भरलेलं तिथंच भरून निघतं.

म्हणून पुढच्या मोठ्या कामाचं भूमिपूजन जाहीर झालं की माहिती अधिकारात दोन कागद आधी मागा: चाचणी खड्ड्यांचा अहवाल, आणि ताब्यात आलेल्या जमिनीचा गटवार तक्ता. अर्ज लिहायला मी बसतो सोबत.