पट्टा कुणाच्या हातात द्यायचा?

वैशाखातली आपली शिवजयंती होऊन महिना होत आला. बेळगावच्या चित्ररथ मिरवणुकीत आमच्या मर्दानी खेळाच्या पथकाला बघून ज्यांनी कौतुक केलं त्यांचे मनापासून आभार. पण त्या रात्री रामलिंगखिंड गल्लीच्या तोंडाशी खेळ थांबवून आम्ही घाम पुसत होतो, तेव्हा माझा एक जुना दोस्त जवळ आला आणि म्हणाला, "त्या कानडी पोराच्या हातात दांडपट्टा कशाला दिलास गा?"

मी उत्तर दिलं नाही. हलगी वाजत होती, पोरं दमली होती, पुढच्या चौकात परत उभं राहायचं होतं. पण ते वाक्य महिनाभर डोक्यातून गेलं नाही. दोस्त मनानं वाईट नाही आणि त्याच्यासारखा विचार करणारे आपल्यात खूप आहेत. म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय.

तो मुलगा बैलहोंगल तालुक्यातला. उद्यमबागेत मी ज्या फाउंड्रीत आहे, तिच्या शेजारच्या वर्कशॉपमध्ये लेथवर काम करतो. तीन वर्षांपूर्वी सुट्टी झाली की तो आमच्या मैदानाच्या कट्ट्यावर येऊन बसायचा. महिनाभर नुसता बघत होता. मग एक दिवस वस्तादांसमोर येऊन मोडक्या मराठीत म्हणाला, "मी पण शिकतो, चालतंय काय?" वस्तादांनी नाव विचारलं, गाव विचारलं, कानाच्या उंचीची एक काठी त्याच्या हातात दिली आणि पवित्र्यात उभं केलं. पहिले चार महिने फक्त पाय. काठी फिरवायची नाही, पाऊल टाकायचं. यातच निम्मी पोरं सोडून जातात. हा गेला नाही.

आमच्यात मिसळायला मात्र त्याला चार महिन्यांपेक्षा जास्त लागले. सराव झाल्यावर आम्ही चहाला उभे राहतो. तिथं थट्टामस्करी मराठीत. सगळे हसून झाले की हा हसायचा, कारण कुणीतरी हळू आवाजात सांगितल्यावर त्याला कळायचं. मला ते दिसत होतं आणि मी काही करत नव्हतो, हे मला आज बोचतं. बदल झाला तो लहान पोरांमुळं. वार मोजताना पोरं "एक, दोन, तीन" ओरडायची, हा सवयीनं "ओंदु, एरडु, मूरु" म्हणून जायचा. पोरांना मजा वाटली, त्यांनी तेच उचललं. आता आमच्या मैदानावर दहा वार मराठीत आणि दहा कानडीत मोजले जातात. ठरवून कुणी केलं नाही.

मोबाईलवर त्याला असल्या खेळांचे व्हिडिओ बघायचा नाद. अमेरिकेत मध्ययुगीन लढाई छंद म्हणून खेळणाऱ्यांची एक मोठी संस्था आहे, तिच्याबद्दल त्यानंच मला सांगितलं. 1 मे 1966 रोजी कॅलिफोर्नियातल्या बर्कली गावात एका घराच्या परसात काही मित्रमैत्रिणी जुन्या काळचे कपडे घालून जमले, तिथून ती सुरू झाली. अंगावर चिलखत, डोक्यावर शिरस्त्राण आणि हातात वेताची तलवार. वार लागला की नाही हे पंच सांगत नाही, ज्याला लागला त्यानंच कबूल करायचं. हे ऐकून मला फार बरं वाटलं, कारण फरी-गदका, म्हणजे लहान ढाल आणि काठी, खेळताना आमचे वस्तादही हेच सांगतात, की लागलेलं लपवायचं नाही.

तिथली आणखी एक गोष्ट मी पुष्कळ दिवस मनात घोळवली. आत येणारा माणूस स्वतःसाठी एक जुन्या काळचं नाव घेतो. दिवसा कारकून असो की सुतार, त्या मैदानावर तो त्या नावानं ओळखला जातो. म्हणजे नव्याला जुन्याइतकंच मोकळं पान मिळतं. एकटी पडलेली माणसं अशा ठिकाणी का जातात हे मला समजतं. पण आपल्या मैदानावर ही सोय नाही. आपल्याकडं नावाबरोबर आडनाव येतं, आडनावाबरोबर जात, गाव आणि सीमेच्या या भागात भाषासुद्धा. शिवाय आपला खेळ हौसेनं रचलेला नाही, तो वारशानं आलाय. म्हणून कुणी नवा आला की पहिला प्रश्न येतो: हा वारसा याचा आहे काय?

दोस्ताचा प्रश्न तोच होता. मग वारशाचंच बोलूया. ज्या जागेला आपण तालीम म्हणतो तो शब्द अरबीतून आला. वस्ताद फारसीतून आला, मर्दानीसुद्धा. कानडी मुलुखात तालमीला गरडी मने म्हणतात आणि तिथंही माती तीच, लंगोट तोच. महाराजांचे वडील शहाजीराजे बेंगळुरात राहिले, 1664 मध्ये होदिगेरेच्या रानात घोड्यावरून पडून गेले. त्यांची समाधी आजही कर्नाटकातच आहे. महाराजांच्या आरमारात दौलतखान होता, पायदळाचा सरनोबत नूरखान बेग होता. प्रतापगडावर सय्यद बंडाचा वार अडवला तो जिवा महालानं, आणि त्याची जात विचारायला तिथं कुणाला वेळ नव्हता.

आणि बेळवडी. हे मला त्या मुलाकडून नीट कळलं. आपल्याच जिल्ह्यात, बैलहोंगल तालुक्यात बेळवडी आहे. दक्षिण दिग्विजयाहून परतताना, 1678 च्या सुमारास, मराठी फौजेची तिथल्या देसायांशी लढाई जुंपली. देसाई पडले आणि त्यांची पत्नी मल्लम्मा हिनं 27 दिवस गढी लढवली असं सांगतात. महाराजांनी तिचा मान राखला आणि तिच्याशी गैर वागलेल्या आपल्याच सरदाराला, सखूजी गायकवाडाला, शिक्षा केली. धारवाडजवळ यादवाडला एक शिल्प आहे, ते मल्लम्मानं महाराजांच्या आठवणीसाठी कोरून घेतलं असं लोक मानतात. लहानपणी त्याच्या आजीनं ही गोष्ट त्याला मल्लम्माच्या बाजूनं सांगितली होती. आम्ही आमच्या बाजूनं ऐकली होती, तीही अर्धवट. एका संध्याकाळी पाऊस आला म्हणून आम्ही पत्र्याखाली बसलो होतो, तेव्हा त्यानं ती सांगितली. पोरं चहा विसरून ऐकत होती. भिंतीच्या आतल्यांची गोष्ट सांगणारं माणूस आमच्यात आजवर नव्हतंच.

आता 1 नोव्हेंबरचं. याबद्दल आडपडदा ठेवून बोलणं मला जमणार नाही. त्या दिवशी मी काळ्या दिनाच्या फेरीत असतो, माझे वडीलही असायचे. 1956 मध्ये याच दिवशी बेळगाव कानडी राज्यात गेलं, ती जखम माझ्या घरात अजून बोलली जाते आणि महाराष्ट्रात जायची माझी मागणी मी सोडलेली नाही. त्याच दिवशी तो कर्नाटक राज्योत्सवाच्या मिरवणुकीत असतो, लाल-पिवळा गमछा घालून. पहिल्या वर्षी 31 ऑक्टोबरला त्यानं चाचरत विचारलं, "दादा, परवा येऊ की नको?" मी म्हटलं, ये. 2 नोव्हेंबरला दोघेही आलो. फरी-गदका घेतला आणि समोरासमोर उभे राहिलो. त्या दिवशी तो जरा जोरात खेळला, मीही जोरात खेळलो. दंडावर वळ उठले. खेळ संपल्यावर त्यानं डब्यातून कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढली. कालच्या दिवसाबद्दल आम्ही एक शब्द बोललो नाही, आणि मला वाटतं ते बरोबर होतं. काही गोष्टी आमच्यात मिटणार नाहीत. त्या मिटल्याशिवाय शेजारी उभंच राहायचं नाही असं ठरवलं, तर या जिल्ह्यात कुणी कुणाशेजारी उभं राहू शकणार नाही.

काही भले लोक मला समजावतात, "अरे, आता तो आपलाच झाला, मराठीच झाला." मला हे पटत नाही. तो मराठी झालेला नाही, आणि त्यानं व्हावं अशी अट घालणारा मी कोण? त्याच्या घरी कानडी, त्याची आई कानडी, त्याचं देवाशी बोलणं कानडी. हे सगळं दाराबाहेर काढून ये म्हटलं तर आत येणारा तो उरत नाही.

तो एकटाच नाही. पीओपीचं काम करणाऱ्या एका उत्तर प्रदेशी कारागिराची चौदा वर्षांची मुलगी येते, तिची फिरकी आमच्या कुणाहीपेक्षा वेगवान आहे. पूर्वी मैदानावर चाळीस पोरं असायची. आज अकरा आहोत. त्यातली तिघं बाहेरची, आणि पावसात न चुकता येणारीही तीच.

आता पट्ट्याचं. ज्यांनी हातात घेतलेला नाही त्यांना सांगतो, तलवारीला मनगट असतं, पट्ट्याला नसतं. कोपरापर्यंत हात मुठीवरच्या लोखंडी खोबळ्यात जातो, मनगट वळत नाही, वार खांद्यातून आणि कमरेतून निघतो. पातं लांब आणि लवचिक. ते थांबवायचं तर अख्खं शरीर थांबवावं लागतं. म्हणून तळव्यावरचं लिंबू पट्ट्यानं कापायचा खेळ वस्ताद वर्षानुवर्षं बघून मगच देतात. कापणाऱ्याचा हात तयार लागतोच, पण लिंबू धरणाऱ्यालाही कापणाऱ्याची खात्री असावी लागते.

मिरवणुकीच्या आदल्या रात्री वस्तादांनी विचारलं, "हा कापणार. लिंबू कोण धरणार?" मी पुढं झालो. दोस्ता, त्या चौकात तू जे बघितलंस, त्यात खालचा तळवा माझा होता. पातं आलं तेव्हा मी डोळे मिटले नव्हते. लिंबाचे दोन भाग झाले आणि तळव्याला गार वारा लागला, एवढंच.

तुला अजून शंका असेल तर कुणाकडून ऐकू नकोस, रविवारी सकाळी साडेसहाला मैदानावर ये. फरी-गदका मी देतो. समोर तो उभा राहील. जुने कपडे घाल, पाऊस लागलाय, चिखल आहे.