‘सप्लायर सगळं बघतो’ हे तुला कुणी सांगितलं, भो?

जळगाव-धुळ्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक रील फिरतंय, ड्रॉपशिपिंगचं, म्हणजे ऑर्डर आपण घ्यायची आणि माल सप्लायरने थेट गिऱ्हाइकाला पाठवायचा, त्या धंद्याचं. त्यातला दावा थोडक्यात असा : ‘ड्रॉपशिपिंग करा. माल भरायचा नाही, गोदाम नको, जीएसटी नको. अ‍ॅपवर सर्वांत स्वस्त सप्लायर निवडा, रेटिंग बघा. पॅकिंग, पार्सल, रिटर्न, तक्रार, सगळं तोच बघतो.’

यातलं ‘माल भरायचा नाही’ एवढं खरं आहे. बाकीचं एकेक करून बघू.

‘तक्रार सप्लायर बघतो.’ कशाला बघेल? ग्राहकाने पैसे तुला दिले, जाहिरात तुझी, वेबसाइट तुझी. ग्राहक संरक्षणाचे ई-कॉमर्स नियम जुलै 2020 पासून लागू आहेत. स्वतःच्या साइटवर विकणाऱ्याने तक्रार अधिकाऱ्याचं नाव-संपर्क द्यायचा, आलेल्या तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात करायचं. माल खराब निघाला, जाहिरातीसारखा नसला किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर पोचला, तर परत घ्यायला नकार देता येत नाही. सुरतच्या सप्लायरने फोन उचलला नाही, ही सबब ग्राहक आयोगापुढे चालत नाही.

‘सर्वांत स्वस्त निवडा.’ खरा खड्डा इथेच आहे, म्हणून जरा हिशेबच मांडतो. समजा, साडी 400 ला घेतली, 699 ला विकली. कुरिअर 80, जाहिरात ऑर्डरमागे 100. पोचलेल्या पार्सलवर 119 रुपये सुटले. दहापैकी सात पोचली तर 833. उरलेली तीन सीओडीची, म्हणजे पार्सल हातात आल्यावर पैसे द्यायची, गिऱ्हाइकाने दारातून परत पाठवली. याला धंद्यात आरटीओ (रिटर्न टू ओरिजिन) म्हणतात. त्यात जाण्याचे 80, येण्याचे 70 आणि जाहिरातीचे 100 असे पार्सलमागे 250 बुडाले, तिन्हींचे 750. दहा पार्सलं केल्यावर हातात 83 रुपये, आणि त्यात अजून कर धरलेलाच नाही. सप्लायरने परत आलेला माल घेतला नाही तर तीन साड्या, म्हणजे 1200 रुपये, घरात पडून. गोदाम नको म्हणत होता ना?

म्हणून रेटच्या आधी विचारायचं, आरटीओचा माल परत घेता का, किती दिवसांत, आणि पैसे खात्यावर देता की पुढच्या बिलात वळते करता. दोन-पाच टक्के महाग पडला तरी माल परत घेणारा सप्लायर स्वस्तच.

‘रेटिंग बघा.’ रेटिंगपेक्षा स्वतः ऑर्डर टाका. एक पार्सल जळगाव शहरात, एक धडगावला, एक परराज्यातल्या नातेवाइकाकडे. ऑर्डरपासून कुरिअरने पार्सल उचलेपर्यंत किती दिवस गेले ते मोजा, कारण उशीर बहुतेक वेळा तिथेच होतो. पार्सलात सप्लायरचं स्वतःच्या रेटचं बिल निघालं, तर तुमचं गिऱ्हाईक उद्या थेट त्याच्याकडे. एक पार्सल मुद्दाम परत करून बघा. सातपुड्यातल्या पिनकोडला सगळे खासगी कुरिअर जात नाहीत. तिथे पोस्टाने पाठवायची तयारी आहे का, तेही विचारा.

आणि सुरतला जाऊनच या ना! लग्नाचा बस्ता बांधायला सुरत गाठणारे आपण, भुसावळ-सुरत रेल्वे दारात आहे. समोरचा स्वतः माल बनवतो, स्टॉक ठेवतो, की ऑर्डर आल्यावर रिंग रोडच्या कापडबाजारात शेजाऱ्याकडून आणतो, हे तिथे उभं राहिल्यावर दिसतं. दिवाळीनंतर तिथलं कापड मार्केट लाभपाचमीपर्यंत बंद असतं. त्या दिवसांत साइटवर ऑर्डर घेत राहिलात तर शिव्या तुम्हालाच.

‘पार्सल तोच बघतो.’ वजनाचा हिशेब मात्र तुमच्याच खात्यातून कापला जातो. जळगाव एमआयडीसीची चटई घ्या. गुंडाळी 120 बाय 15 बाय 15 सेंटिमीटर. आकारावरून वजन धरायला बरेच कुरिअर हा गुणाकार 5000 ने भागतात, म्हणजे 5.4 किलो. काट्यावर दीड-दोन किलो भरली तरी भाडं 5.4 किलोचं. गावचा माल, कारखान्याला कधीही भेट देता येते, हे सगळं उत्तम. पण घडीची चटई मिळते का ते आधी बघा.

‘जीएसटी नको.’ राज्यातल्या राज्यात वस्तू विकल्या तर महाराष्ट्रात वर्षाला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. पण करपात्र माल परराज्यात विकायचा तर सर्वसाधारणपणे पहिल्या विक्रीपासून नोंदणी लागते. नवापूर ओलांडलं की गुजरात, आणि वेबसाइटला सीमा नसते. सप्लायरचा जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर कुणालाही तपासता येतो, रिटर्न भरतो की नाही तेही दिसतं. त्याने तुमचं बिल रिटर्नमध्ये चढवलं नाही तर तुम्हाला क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, मिळत नाही. कच्च्या बिलावर दहा रुपये कमी सांगणाऱ्याला तिथेच रामराम करा.

एक राहिलं. रील बनवणाऱ्याने परदेशी व्हिडिओ उतरवलाय, त्यामुळे सप्लायर म्हणून अलीएक्सप्रेस दाखवतो. त्या अ‍ॅपवर भारतात नोव्हेंबर 2020 पासून बंदी आहे. खेळणी विकायची असतील तर त्यांना 1 जानेवारी 2021 पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, आणि ते खरं आहे का हे बीआयएस केअर अ‍ॅपवर कळतं. केळी वेफर्स किंवा नंदुरबारची मिरची पूड विकायची तर बनवणाऱ्याचा आणि तुमचा, दोघांचाही एफएसएसएआय (अन्नसुरक्षा प्राधिकरण) परवाना बघावा लागेल.

हे सगळे प्रश्न सप्लायरला व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी विचारा. ‘फोन करतो, भाऊ’ म्हणून लिहायचं टाळणारा असेल तर पुढच्या नावाकडे वळा. आणि ठरलेल्या सप्लायरबरोबर दुसराही एक धरून ठेवा, त्याच्याकडूनही अधूनमधून ऑर्डरी काढत राहा.