‘कोल्हापूरच्या इतिहासात आता शोधायला काय उरलंय?’ बरंच उरलंय!

बी.ए. इतिहासच्या पोरांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: "चौथ्या वर्षी ऑनर्सचा संशोधन प्रकल्प घेऊ नका. कोल्हापूरचा इतिहास लिहून झालाय, उरलाय तो मोडी लिपीत. शेवटी सगळे कॉपी-पेस्टच करतात. वर्ष वाया."

‘वर्ष वाया’चं आधी उरकू. यूजीसीच्या २०२२ च्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण असतील तरच ही वाट खुली होते. प्रकल्पाला १२ श्रेयांक. पुढे एम.ए. एका वर्षात होतं. हिशेब मांडायचा तर हेही धरा.

‘लिहून झालाय’ हे मात्र साफ चूक. शाहू महाराजांवर कपाटं भरतील इतकं छापलंय. २६ जुलै १९०२ चा ५० टक्के राखीव जागांचा हुकूम तर शाळकरी पोरांनाही ठाऊक असतो. पण ‘शाहू महाराजांचे शैक्षणिक कार्य’ हा संशोधनाचा विषय नव्हे, जयंतीच्या भाषणाचा. १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं, पोर शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दंडही ठेवला. तो खरोखर वसूल झाला का? कुणाकडून? सुगीत पटावरची किती पोरं वर्गात दिसत? मुलींचं काय? एकच पेटा (तालुक्यासारखा भाग) आणि पाचच वर्षं घेतली तरी काम पुरून उरेल. कागद नाही सापडले, तर कुठं कुठं शोधलं ते लिहायचं, तेही संशोधनच.

त्यासाठी पुणे-मुंबई गाठायची गरज नाही. संस्थानचं दफ्तर इथल्याच पुराभिलेखागारात आहे. १८५० पासूनचं करवीर नगर वाचन मंदिर आहे, विद्यापीठाचं खर्डेकर ग्रंथालय आहे.

मोडी अवघड आहे, नाही कोण म्हणतंय? रेघ आधी ओढायची, शब्द सुटे लिहायचे नाहीत, त्यात प्रत्येक कारकुनाचं वळण निराळं. पण भाषा आपलीच आहे, आणि पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेतो. तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीतच हात बसवायला घ्या. तोवर इंग्रजी पत्रव्यवहार आणि १८८६ चं गॅझेटियर आहेच.

राहिलं कॉपी-पेस्ट. हे मान्य, स्पायरल बाइंडिंगसकट तयार प्रकल्प विकत मिळतात. तोंडी परीक्षेत "हा कागद कुठं पाहिलास?" असं कुणी विचारत नाही, म्हणून ते खपतात. तेव्हा गाईडकडे जाताना विषय नको, प्रश्न घेऊन जा. "छान आहे, करा" म्हणून दोन मिनिटांत वाटेला लावलं, तर गाईड वेळेत बदलून मागा.